आक्रीड आणि वसाहत : दादर-माहीमच्या शिवाजी पार्काविषयीं कांहीं विचार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं सनदा, महजर, शकावल्या, ताम्रपट, नाणीं, किल्ले आणि देवळें एवढीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. मोकळी जागा हेंहि एक साधन होऊं शकेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं; कारण तिच्यावर वाचण्यासारखें कांहीं लिहिलेलें नसतें. परंतु दाट वस्तीच्या शहरांत एखादी विस्तीर्ण जागा शंभर वर्षें मोकळी राहते ही गोष्ट आपोआप घडत नाहीं. ती मोकळी ठेवण्याचा कोणीतरी निश्चय केलेला असतो, दुसऱ्या कोणीतरी तो टिकविलेला असतो, आणि तिच्यावर हक्क सांगणारे तिसरेच असतात. या तिघांचा शोध घेतला म्हणजे त्या जागेचा इतिहास हातीं लागतो.

प्रस्तुत लेखांत आम्हीं मुंबईंतील दादर-माहीम भागाचें, विशेषतः शिवाजी पार्काचें, उदाहरण घेतलें आहे. राहण्याची सुखवस्तु वस्ती, तिच्या मध्यभागीं मैदान, भोंवतीं झाडें आणि फिरावयास रस्ता, असें या भागाचें स्वरूप सर्वांस परिचित आहे. या वस्तीची घरें ज्ञातीप्रमाणें व ऐपतीप्रमाणें वांटली गेलीं; मैदान मात्र वांटलें गेलें नाहीं. हा भेद कसा पडला व त्याचें मोल काय, एवढाच आमचा विषय आहे.

१. शब्दविचार

अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत बागांचे चार प्रकार एकापाठोपाठ सांगितले आहेत. माणसांनीं लावलेलें वन तें आराम अथवा उपवन. अमात्यांच्या व गणिकांच्या घरांलगतची बाग ती वृक्षवाटिका. राजाचें, परंतु इतरांसहि साधारण असें जें वन, त्यास आक्रीड किंवा उद्यान म्हणावें. आणि तेंच केवळ अंतःपुराच्या उपयोगाचें असल्यास त्यास प्रमदवन म्हणावें. अमरसिंहानें हे भेद झाडांच्या जातीवरून किंवा जागेच्या विस्तारावरून केलेले नाहींत. तेथें प्रवेश कोणास आहे, ही त्याची कसोटी आहे. एकच वन लोकांस खुलें असलें तर उद्यान, आणि दार लावून घेतलें तर प्रमदवन!

‘आक्रीड’ या शब्दांत क्रीडेचा धातु आहे आणि ‘साधारण’ या विशेषणांत समाईकपणाचा अर्थ आहे. खेळ आणि समाईकपणा या दोन कल्पना कोशकारानें एकाच ठिकाणीं ठेविल्या, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढील विवेचनांत आम्हांस याच कसोटीचा उपयोग करावयाचा आहे.

आपल्याकडील जुन्या शहरांकडे पाहिलें तर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारच्या बागा पुष्कळ आढळतात. पुण्याची हिराबाग नानासाहेब पेशव्यांची. ती त्यांच्या विश्रांतीसाठीं होती, पेठेंतील लोकांसाठीं नव्हती. पेठांची रचना आळी, वाडा आणि चौक अशी असे. मुलें वाड्याच्या चौकांत खेळत, वृद्ध देवळाच्या ओट्यावर बसत, आणि स्त्रियांना पाणवठ्याखेरीज मोकळी अशी जागा क्वचितच मिळे. सार्वजनिक मैदान म्हणून वस्तीच्या पोटांत जागा राखून ठेवावी, हा विचार अर्वाचीन आहे. आणि मुंबईंत तो सुखांतून सुचलेला नसून संकटांतून सुचलेला आहे.

२. पूर्वस्थिति

माहीम आणि दादर हा मुळांत माडांच्या राया, भातखाचरें आणि वाड्या यांचा प्रदेश. माहीम आणि वांद्रें यांच्यामधली खाडी ओलांडावयास होडीखेरीज साधन नव्हतें. लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें बांधलेला बांध १८४५ सालीं वाहतुकीस खुला झाला, आणि या भागांतून जाणाऱ्या रस्त्यास त्यांचें नांव मिळालें. तरीहि मुंबईची खरी वस्ती दक्षिणेसच राहिली. गिरण्या वाढल्या, बंदर वाढलें, आणि मांडवी, चक्ला, नागपाडा, कामाठीपुरा या भागांत माणसांवर माणसें रचल्यासारखी दाटी झाली.

दक्षिणेंत मोकळी जागा मुळींच नव्हती असें नाहीं. किल्ल्याबाहेरचें मोठें मैदान होतें. परंतु तें कोणाचें, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत तीव्र झाला. १८७५ सालीं स्थापन झालेल्या बाँबे जिमखान्याचे युरोपीय सभासद तेथें पोलो खेळत, आणि त्यांच्या घोड्यांच्या टापांनीं पारशी व हिंदु मुलांच्या क्रिकेटच्या खेळपट्ट्या उखडल्या जात. या तरुणांनीं सरकाराकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें या झगड्याची हकीकत १८९७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. आपल्या देशांतील खेळांच्या इतिहासाच्या पहिल्या ग्रंथांपैकीं तो एक होय.

तोड निघाली ती अशी : समुद्रकांठीं केनेडी सी-फेसवर जागा तोडून देण्यांत आल्या, आणि तेथें पारशी, इस्लाम व हिंदु असे तीन जिमखाने एका ओळींत उभे राहिले. प्रत्येकास आपलें मैदान मिळालें, परंतु समाईक मैदान कोणासच मिळालें नाहीं. अमराची कसोटी लावली तर हे जिमखाने आक्रीड ठरत नाहींत. कुंपणाच्या आंतल्यांपुरतीच ती क्रीडा होती, आणि प्रमदवनाशीं त्यांचें नातें अधिक जवळचें होतें.

३. प्लेग आणि सुधारणा ट्रस्ट

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं एका रोग्यास ग्रंथिक ज्वर, म्हणजे प्लेग, झाल्याचें ओळखलें. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. लोक शहर सोडून पळाले, घरांची झडती सुरू झाली, विलगीकरणाच्या छावण्या पडल्या. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ सालीं ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची संख्या दहा वर्षांत अशी घटावी, यावरून त्या आपत्तीची कल्पना येईल.

रोग उंदरांवरील पिसवांच्या द्वारें पसरतो ही गोष्ट त्या वेळीं सर्वमान्य झालेली नव्हती. कोंदट हवा, अंधार व ओल हींच रोगाचीं कारणें, असा अधिकाऱ्यांचा समज होता. निदान अपुरें होतें; परंतु त्यावरून केलेली उपाययोजना शहराच्या रचनेच्या दृष्टीनें दूरगामी ठरली. १८९८ च्या कायद्यानें मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढावे, वाईट घरें पाडावीं, उत्तरेकडील शेतजमिनी संपादन करून तेथें नवीं उपनगरें वसवावीं, असें त्याचें काम ठरलें. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते याच कार्यांतून निघाले. दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजनाहि याच ट्रस्टाच्या होत.

ट्रस्टाचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं उजेड आणि हवा यांसाठीं एक साधा भूमितीचा नियम पुढें मांडला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर तिचा जमिनीशीं होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक असूं नये. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, समोरची इमारत जितकी उंच असेल त्याच्या निम्म्याइतकी तरी जागा मध्यें मोकळी सुटली पाहिजे. साठ फूट उंचीस तीस फूट. जुन्या चाळींच्या दरम्यान जेमतेम भंगी शिरेल एवढीच गल्ली असे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या नियमाचें महत्त्व कळतें. मोकळी जागा ही शोभेची वस्तु नसून घराचाच एक अवयव आहे, असा सिद्धांत येथें प्रथमच कागदावर उतरला.

४. नवी वसाहत कोणाची?

येथें इतिहासकारानें थोडें थांबलें पाहिजे. ट्रस्टानें जीं घरें पाडलीं तीं मुख्यतः हमाल, गिरणीकामगार आणि किरकोळ धंदेवाले यांचीं. त्यांच्यासाठीं चाळी बांधल्या गेल्या हें खरें. परंतु पहिल्या वीस वर्षांचा हिशेब पाहतां पाडलेल्या खोल्यांची भरपाई पूर्ण झाली नाहीं, आणि बेघर झालेले पुष्कळ लोक शेजारच्या गल्लींत जाऊन तेथील दाटी वाढविते झाले. दादर-माटुंग्याच्या भूखंडांचा भाडेपट्टा घेऊन त्यावर इमारत उठविण्याची ऐपत त्यांच्यापैकीं कोणास असणार? गिरणी अथवा बंदर सोडून इतक्या दूर राहणेंहि त्यांस परवडण्यासारखें नव्हतें.

भूखंड घेतले ते मध्यम वर्गानें. रेल्वेच्या पूर्वेस हिंदु कॉलनी झाली. तिला लागून, मंचेरजी जोशी या इंजिनिअरांच्या खटपटीनें, पारशी कॉलनी झाली. माटुंग्यास दक्षिणेकडील ब्राह्मण कारकून व हिशेबनीस येऊन राहिले. स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचकूप घराच्या दाराआड असलेली ‘ब्लॉक’ची पद्धत याच भागांत मराठी मध्यम वर्गाच्या अंगवळणीं पडली. चाळींतील समाईक गॅलरी गेली; तिच्याबरोबर शेजाराचा धाकहि गेला आणि शेजाराचा आधारहि गेला. पारशी कॉलनीच्या मध्यभागीं पांच बागा राखल्या गेल्या. रुंद रस्ते, दुतर्फा झाडें, उंचीवर मर्यादा, अशी ती रचना पाहून आजहि पाहणारा संतोष पावतो. परंतु प्लेगानें ज्यांचे बळी घेतले त्यांच्या नांवानें आरंभलेलें हें कार्य दुसऱ्यांच्या पदरीं पडलें, ही गोष्ट झाडांच्या सावलीनें झांकून टाकतां येत नाहीं.

या ज्ञातिबद्ध रचनेला एक मोठा अपवाद घडला. १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभीं डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं हिंदु कॉलनींतच आपलें घर बांधलें. परळच्या चाळींत ग्रंथांना पुरेशी जागा नव्हती. या घराची आंखणीच ग्रंथसंग्रहाच्या दृष्टीनें केलेली होती. त्यास त्यांनीं ‘राजगृह’ हें नांव दिलें. मगधाच्या प्राचीन राजधानीचें, बुद्धाच्या विहारांनीं पावन झालेलें हें नांव ‘हिंदु कॉलनी’ या पाटीखालीं कोरलें जावें, यांत जो अर्थ आहे तो विवेचनाची अपेक्षा ठेवीत नाहीं.

५. माहीम पार्काचें शिवाजी पार्क

रेल्वेच्या पश्चिमेस, समुद्राजवळ, मुंबई म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं एक विस्तीर्ण मैदान लोकांसाठीं तयार केलें. त्याचें क्षेत्र सुमारें २८ एकर. आरंभीं तें ‘माहीम पार्क’ म्हणून ओळखलें जाई. भोंवतालच्या भूखंडांवर पुढील वीस वर्षांत तीन-चार मजल्यांच्या, गोलाईदार सज्जांच्या इमारती उठल्या. परंतु मैदान आधीं आणि घरें मागाहून, हा क्रम महत्त्वाचा आहे. घरें आधीं झालीं असतीं तर मैदानास जागा उरली नसती.

१९२७ सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें मैदानास शिवाजी महाराजांचें नांव देण्यांत आलें. अवंतिकाबाई या चंपारणांत गांधीजींबरोबर काम केलेल्या, मराठींत गांधीचरित्र लिहिणाऱ्या, आणि १९२३ सालीं म्युनिसिपालिटींत प्रथमच बसलेल्या मोजक्या स्त्रीसभासदांपैकीं एक. मुंबईंत रस्त्यांस, बागांस, चौकांस गव्हर्नरांचीं व राजघराण्याचीं नांवें देण्याचा तो काळ. अशा काळीं महाराजांचें नांव, तेंहि एका स्त्रीच्या खटपटीनें, सार्वजनिक मैदानास मिळालें, ही गोष्ट आमच्या मतें पुरेशी नोंदली गेलेली नाहीं.

या नामकरणांत कालगणनेच्या अभ्यासकांस आणखी एक पुरावा सांपडतो. महाराजांच्या जन्मास तीनशें वर्षें झालीं म्हणून हें नांव दिलें गेलें. म्हणजे नामकरण करणाऱ्यांनीं जन्मशक १५४९, वैशाख शुद्ध २, इ. स. १६२७ हाच धरला होता. वास्तविक जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालींच प्रसिद्धीस आणली होती, आणि तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी तिथि स्पष्ट आहे. महाराष्ट्र सरकारनें ही तिथि अधिकृत म्हणून २००१ सालीं मान्य केली. विद्वानांच्या वादांत सुटलेला प्रश्न लोकांच्या उत्सवांत पोंचावयास किती काळ लागतो, याचें माप या मैदानाच्या नांवांत आहे. तिथि चुकली असेल. परंतु त्या चुकीमुळें तीन वर्षें लवकर एक चांगलें काम झालें, एवढें म्हणावयास हरकत नाहीं.

मैदानालगतच्या एका रस्त्यास महाराजांचे चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचें नांव आहे. याच केळुसकरांनीं आपलें बुद्धचरित्र मॅट्रिक झालेल्या तरुण भीमरावास भेट दिलें होतें. रेल्वेच्या पूर्वेचें राजगृह आणि पश्चिमेचें शिवाजी पार्क यांना जोडणारा हा एक धागा. नित्य जाणाऱ्या-येणाऱ्यांस तो ठाऊक असावा असें वाटतें.

६. मैदानाचा उपभोग

मैदानाभोंवतीं एक ठेंगणा कट्टा आहे. त्याचा घेर एक किलोमीटरहून अधिक भरतो. उंच कुंपण माणसांस बाहेर ठेवतें. हा कट्टा मात्र बसावयास बोलावतो. पहांटे फिरणारे, दुपारीं विसांवा घेणारे फेरीवाले, सायंकाळीं जमणारीं तरुण मुलें आणि निवृत्त मंडळी यांची ती बैठक आहे. आम्हींहि तेथें अनेक सायंकाळ घालविल्या आहेत, आणि कोणी कधीं ‘तुम्ही कोठले?’ असें विचारल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

आंत एकाच वेळीं अनेक डाव चालतात. एका डावाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या डावाच्या फलंदाजाशेजारीं उभा असतो. अजित वाडेकर, संदीप पाटील, आणि रमाकांत आचरेकर यांच्या शिस्तींत तयार झालेला सचिन तेंडुलकर, अशी परंपरा या धुळींतून निघाली. सी-फेसवरील जिमखान्यांत ज्ञातीचा दाखला लागे. येथें बॅट आणि चेंडू एवढें पुरे झालें. एका कडेस समर्थ व्यायाम मंदिरांत मल्लखांबाचा अभ्यास चालतो.

सभांचा विषय निराळा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील प्रचंड सभा येथें झाल्या. १९६६ सालीं लोकवर्गणींतून महाराजांचा अश्वारूढ पुतळा येथें उभा राहिला, आणि त्याच वर्षीं ३० ऑक्टोबर रोजीं शिवसेनेचा पहिला मेळावा याच ठिकाणीं भरला. पुढें सभा आणि ध्वनिवर्धक इतके वाढले कीं भोंवतालच्या रहिवाशांनीं न्यायालयाचीं दारें ठोठावलीं. २०१० सालीं उच्च न्यायालयाच्या आदेशानें हा परिसर शांतताक्षेत्र ठरला. यावर ‘मैदान खेळासाठीं कीं सभेसाठीं’ असा वाद माजला. आम्हांस या प्रसंगीं कौटिल्याची आठवण होते. जनपद वसवितांना तेथें विहारासाठीं आराम व शाळा असूं नयेत, नट-नर्तक-गायकांनीं लोकांच्या कामांत व्यत्यय आणूं नये, असें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. शेजाऱ्याची निद्रा आणि जनांचा उत्सव यांचा तंटा असा दोन हजार वर्षांचा जुना आहे. फरक इतकाच कीं कौटिल्यानें उत्सव बंद करून तो मिटविला. आपल्याला दोहोंस जागा ठेवून मिटवावा लागतो, आणि म्हणून तो पूर्णपणें मिटत नाहीं.

दुसरें संकट स्मारकांचें. २०१२ सालीं बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लता मंगेशकर यांच्यावर येथें अंत्यसंस्कार झाले. दोन्ही वेळां याच जागेंत स्मारक असावें अशी मागणी निघाली, आणि दोन्ही वेळां तिला विरोधहि झाला. श्रद्धेविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु प्रत्येक पिढीस आपापले वंदनीय पुरुष व स्त्रिया असणार; प्रत्येकानें चार हात जागा घेतली तर पुढच्या पिढीच्या मुलांस खेळावयास समाधींमधल्या वाटाच तेवढ्या उरतील.

७. उपसंहार

या मैदानाचा खरा अर्थ आम्हांस एकाच दिवशीं पूर्णपणें दिसतो, आणि तो दिवस ६ डिसेंबर होय. १९५६ सालीं दादरच्या समुद्रकांठीं बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. ती जागा, चैत्यभूमि, मैदानापासून थोड्या पावलांवर आहे. दरवर्षीं महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लक्षावधि लोक तेथें दर्शनास येतात. या लोकांचीं येथें घरें नाहींत, नातलग नाहींत, उतरावयास लॉज परवडत नाहीं. ते शिवाजी पार्कांत उतरतात. म्युनिसिपालिटी मांडव घालते, पाण्याची सोय करते. पुस्तकांचीं दुकानें लागतात, आणि खेडेगांवची म्हातारी आपल्या नातवास महाराजांच्या पुतळ्याखालीं बसवून भाकरी सोडते. भोंवतालच्या घरांतून कांहीं जण त्या दिवशीं नाकें मुरडतात, कांहीं जण पाणी घेऊन खालीं उतरतात. दोन्ही प्रकार आम्हीं पाहिले आहेत.

सुधारणा ट्रस्टाचा कागद ज्यांच्या नांवानें लिहिला गेला, ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, ज्यांस या वसाहतींत एकहि भूखंड मिळाला नाहीं, त्यांचीच ही पुढची पिढी. घराच्या वांटणींत त्यांचा वांटा राहून गेला. मैदानाची वांटणीच झाली नाहीं, म्हणून तेथें त्यांचा वांटा शिल्लक राहिला. १९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. भोंवतालच्या जुन्या इमारतीहि एकामागून एक पडून त्यांच्या जागीं मनोरे उठत आहेत, आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आतां अभ्यासकांखेरीज कोणास आठवत नाहीं. यापुढें उजेड आणि हवा यांचा साठा या अठ्ठावीस एकरांतच काय तो राहील.

अमरानें आक्रीडाचें लक्षण सांगतांना ‘साधारण’ हें एकच विशेषण वापरलें. तें विशेषण जोंपर्यंत लागू आहे तोंपर्यंत शिवाजी पार्क हें उद्यान आहे. तें सुटलें कीं झाडें तींच, माती तीच, आणि तरीहि तें प्रमदवन होईल. मोकळ्या जागांची टिपणें, नकाशे व ठराव यांचा संग्रह आपल्या गांवोगांवच्या अभ्यासकांनीं वेळींच करावा, एवढी विनंति करून आम्ही हा लेख पुरा करितों.